आशीर्वाद नको, तास माग

'ताई, मी कोथरूडला राहते, वय 31. बी.कॉम. झालंय. कल्याणीनगरच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात 34 हजार येतात. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. मुलगी चार वर्षांची. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे दुखतात. फ्लॅटचा हप्ता 19 हजार. लग्नाआधी मी दोन वेळा एमपीएससीची राज्यसेवा दिली होती. एकदा पूर्व निघाली, मुख्यला राहिले. उपजिल्हाधिकारी व्हायचं डोक्यातून अजून गेलेलं नाही. रात्री अकराला पुस्तक उघडते आणि तिथेच डोळा लागतो. सकाळी गालावर पानाची घडी उमटलेली असते. नवरा म्हणतो, "तू कर ना, मी कुठे नाही म्हणतो?" सासूबाई म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. पुस्तक दिसलं की त्यांच्या टीव्हीचा आवाज वाढतो. नोकरी सोडून दोन वर्षं पेठेत अभ्यासिका लावू, की हे सगळं सोडून देऊ?'
– एक वाचक, कोथरूड

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या गालावरच्या घडीपाशी थांबले. दिवसभर ऑफिस, मग स्वयंपाक, मुलीला झोपवणं, उद्याचा डबा, आणि एवढं सगळं झाल्यावर रात्री अकराला जी बाई पुस्तक उघडते, तिला 'सोडून दे' असं सांगायचा अधिकार मला नाही. तेव्हा सोडू नकोस. आणि नोकरीही सोडू नकोस, निदान आत्ता तरी नाही. उत्तर आधीच देऊन टाकलं, कारण मला खरं बोलायचंय ते तुझ्या नवऱ्याच्या त्या वाक्याबद्दल.

'तू कर ना, मी कुठे नाही म्हणतो?' हे वाक्य मला पत्रांतून पुन्हा पुन्हा भेटतं. म्हणणारा माणूस वाईट नसतो. तुझा नवराही नसेल. चाकणची शिफ्ट करून घरी आलेल्या माणसाचा जीवही दमलेला असतो, हे मी मानते. पण या वाक्यात परवानगी आहे, मदत नाही. सकाळची पोळी कोण लाटणार, मुलीला शाळेच्या रिक्षापर्यंत कोण सोडणार, गॅस संपला की नंबर कोण लावणार, यातलं काहीच त्या वाक्यात ठरत नाही. परवानगी मिळाली म्हणून तू गप्प बसतेस, आणि परवानगी दिली म्हणून तो निश्चिंत होतो. मग तुझं एवढं मोठं स्वप्न रात्री अकरानंतरच्या उरल्यासुरल्या वेळात जाऊन पडतं. डोळा लागणार नाही तर काय होणार? यात तुझा आळस आहे, हे आधी मनातून काढून टाक.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. 1994 साली मी बँकेत क्लार्क होते. शनिवार पेठेत वाड्यात दोन खोल्या, सासू-सासरे, मुलगा तीन वर्षांचा. सीएआयआयबीच्या परीक्षा द्यायच्या होत्या. पास झालं की पगारवाढ मिळायची आणि ऑफिसर व्हायची वाट मोकळी व्हायची. मी काय केलं, तर कुणाला काही मागितलंच नाही. पहाटे चारला उठायचे, दिव्याला पंचा गुंडाळायचे म्हणजे कुणाची झोपमोड नको, आणि ओट्याशी उभ्याने वाचायचे, कारण बसलं की झोप यायची. आपण कुणाला त्रास देत नाही याचा मला अभिमानसुद्धा वाटायचा. तीन महिने असे गेले. मग एका संध्याकाळी कॅश टॅली होईना. सातशे रुपये कमी. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा हेडकॅशियरनी मोजलं. चूक माझीच होती. खिशातून भरले आणि रडत घरी आले. तेव्हाचे सातशे रुपये!

सासरे झोपाळ्यावर बसले होते. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'तुला रोज किती वेळ लागतो?' मला उत्तर देता येईना, कारण मी कधी मोजलंच नव्हतं. थोड्या वेळाने म्हटलं, 'दीड तास. पण जागेपणीचा.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला त्यांनी पायात चपला घातल्या, नातवाचं बोट धरलं आणि सारसबागेत निघून गेले. आठला परत. नातवाची चड्डी मातीने भरलेली. पुढे दोन वर्षं, पावसाळा आणि गणपतीचे दिवस सोडले तर, हा नेम त्यांनी मोडला नाही. रविवारी पेशवे पार्कातल्या छोट्या आगगाडीत, फुलराणीत, बसवायचे, मग तो दीड तास दोनाचा व्हायचा. स्त्रीशिक्षणावर ते कधी एक शब्द बोलले नसतील. आशीर्वाद मला लग्नाच्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनीच दिले होते, पण त्यावर माझा एकही पेपर निघाला नव्हता.

म्हणून सांगते, घरात बसून बोल आणि आशीर्वाद नको, तास माग. 'माझं स्वप्न आहे' म्हटलं की घरचे मान डोलवतात. 'सोमवार ते शनिवार सकाळी सव्वापाच ते पावणेसात मी दार लावून बसणार आहे, सहाला येणारं पाणी तू भरायचंस, पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात हे कसं करायचं ते आत्ता ठरवू' असं म्हटलं की मात्र 'हो' किंवा 'नाही' म्हणावंच लागतं. 'नाही' आलं तरी चालेल, त्यातून दुसरी वेळ शोधता येईल. नुसत्या मान डोलावण्यातून काही शोधता येत नाही.

ऑफिसला नेणारी तुझी मेट्रो नळ स्टॉपपासून कर्वे रस्त्यावरून जाते. ज्यांच्या नावाचा तो रस्ता, त्या अण्णासाहेब कर्व्यांनी 1891 ते 1914 फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं. विधवांसाठीचा आश्रम त्यांनी काढला 1896 मध्ये आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला गेला, म्हणजे आजच्या कर्वेनगरला, तुझ्या घराच्या जवळच. कॉलेजातले तास संपवून ते पायी हिंगणं गाठायचे. पहिलं महिला विद्यापीठ 1916 मध्ये उभं राहिलं. एवढा मोठा ध्यास असलेल्या माणसानेही अठरा वर्षं नोकरी आणि काम बरोबरीने चालवलं, हे मला मोठं वाटतं. पण ही गोष्ट सांगताना लोक पुढचं अर्धं गाळतात. त्या काळात घर कोण ओढत होतं? त्यांच्या पत्नी, बाया कर्वे. तुटपुंज्या पैशांत संसार आणि मुलं त्यांनी सांभाळली, म्हणून अण्णा हिंगण्याची वाट चालू शकले. तुझ्या बाबतीत मुलीचा ताप, सासूबाईंची औषधं, शाळेचं गॅदरिंग या सगळ्याची बाया तूच आहेस आणि हिंगण्याला चालत जाणारीही तूच. दोन्ही एकटीने होणार नाही. हे नवऱ्याला सांगताना भांडणाचा सूर नको, पण शब्द गिळूही नकोस.

आता परीक्षेकडे वळू, कारण तू सोडून गेलीस ती राज्यसेवा आता राहिलेली नाही. तू दिलीस तेव्हा मुख्य परीक्षा बहुतेक वस्तुनिष्ठ होती. 2025 पासून ती वर्णनात्मक झाली आहे. मराठी आणि इंग्रजीचे दोन पेपर 300-300 गुणांचे, त्यांत 25 टक्के मिळाले की पुरे. गुणवत्तेत धरतात ते सात पेपर, प्रत्येकी 250 गुणांचे: निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन. झाले 1750. वर मुलाखत 275. एकेक पेपर तीन तासांचा, आणि तो हाताने लिहायचा. तू दिवसभर टॅली आणि एक्सेलमध्ये असतेस. सलग तीन तास पेन धरून शेवटचं कधी लिहिलंस, आठव. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलीचा हात दुसऱ्या तासाला अक्षरशः वाकडा व्हायचा. तेव्हा आजपासून वाचन थोडं कमी झालं तरी चालेल, पण रोज एक उत्तर घड्याळ लावून वहीत लिही. जुन्या नोट्स कपाटात असतील तर इतिहास-भूगोलाच्या ठेव, पर्यायांना खुणा करण्यासाठी काढलेल्या एकओळी याद्यांचा मोह सोड.

वैकल्पिक विषयाच्या यादीत वाणिज्य व लेखाशास्त्र आहे. मित्रमैत्रिणी तुला मराठी साहित्य किंवा समाजशास्त्र घे म्हणून सांगतील, पण निर्णय घ्यायच्या आधी हा अभ्यासक्रम उघडून बघ. पहिल्या पेपरातलं हिशेब, लेखापरीक्षण, कर हे तुझं रोजचं काम आहे. दुसऱ्यात संघटन, मनुष्यबळ, औद्योगिक संबंध येतात, ते नवं शिकावं लागेल. पण शून्यापासून सुरुवात करायला तुझ्याकडे वेळ नाही आणि इथे शून्य नाही.

आणखी एक सांगते. ते ऐकून तुला आधी वाईट वाटेल. उपजिल्हाधिकारी या एकाच पदावर सगळी वर्षं लावू नकोस. गट ब च्या संयुक्त परीक्षेतून राज्यकर निरीक्षक होता येतं. पूर्व परीक्षा 100 गुणांची, मुख्य 400 ची, दोन्ही वस्तुनिष्ठ, म्हणजे तुझ्या हाताच्या जुन्या सवयीला धरून. आणि जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्या बाजूला तू इतकी वर्षं बसली आहेस. कल्याणीनगरच्या आधी येरवडा स्टेशन लागतं ना, तिथल्या जीएसटी भवनात एकदा कंपनीच्या कामाने जाशील तेव्हा जरा थांबून बघ, हे काम आपल्याला रोज करायला आवडेल का. आवडेल असं वाटलं तर आधी ती पायरी चढ. सरकारी नोकरीत राहूनही पुढे राज्यसेवा देता येते, आणि देणारे खूप आहेत. खुल्या गटाला वयाची अट 38 आहे, मागासवर्गीयांना 43. तुझ्या हातात अजून वर्षं आहेत. पण ती सगळी वापरायचीच असं नाही. किती प्रयत्न द्यायचे हा आकडा आजच वहीत लिहून ठेव आणि नवऱ्यालाही दाखव.

आता तुझे तास मांडू. वनाझला बसून कल्याणीनगरला उतरायचं, म्हणजे एका बाजूने अर्धा-पाऊण तास, आणि वनाझ पहिलंच स्टेशन असल्यामुळे सकाळी जागा मिळते. परतीला मिळेलच असं नाही. तरी पाच दिवसांत पाच तास धर. मोबाइलवर चालू घडामोडी, अर्थव्यवस्था, जे तुकड्या-तुकड्याने वाचता येतं ते इथे. सकाळचा दीड तास सहा दिवस, म्हणजे नऊ. तो फक्त लिहिण्यासाठी आणि जड विषयांसाठी. रविवारी चार तास घराबाहेर, जवळच्या अभ्यासिकेत. कोथरूडलाही आता त्या झाल्या आहेत, त्यासाठी सदाशिव पेठ गाठायची गरज नाही. एकूण अठरा. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर नऊशे तास. आणि रात्री अकराचं पुस्तक बंद, अगदी आजपासून. त्या वेळी झोप, नाहीतर सव्वापाच कधी वाजणारच नाहीत.

यात तुझ्या धंद्यातल्या तारखा धरायच्या. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-वन, 20 ला थ्रीबी, ही जीएसटीची दोन रिटर्न. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस ऑफिसमध्ये काय असतं ते मी तुला सांगायला नको, आणि मार्च एंडला तर अभ्यासाचं नावच काढायचं नाही. हे दिवस वेळापत्रकात आधीच कोरे सोड. नाहीतर दर महिन्याला वेळापत्रक मोडेल आणि दर महिन्याला तू स्वतःला बोल लावशील.

पूर्ण वेळ बसणारी मुलं आठवड्याला पन्नास तास करतात, त्यांच्यापुढे माझे अठरा काय, असं तुझ्या मनात आलं असेल. खरंय, कमीच आहेत. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेला ते पुरणार नाहीत. पूर्वला आणि गट ब ला नेटाने केले तर पुरतील. पूर्वचा दुसरा पेपर फक्त 33 टक्क्यांनी पास व्हायचा असतो आणि आकडेमोड तुझ्या हातात आहे, त्यामुळे सगळा जोर पहिल्या पेपरावर लाव. पूर्व निघाली की मग कंपनीकडे दोन-तीन महिन्यांची बिनपगारी रजा माग आणि तेव्हा दिवसरात्र बस. नोकरीबद्दल मी 'आत्ता नाही' म्हटलं ते यासाठी. एक पूर्व परीक्षा पुन्हा निघाली की तुलाही कळेल आणि घरालाही कळेल की पाणी कुठवर आलंय. रजा देत नाहीत म्हणाले, तर राजीनाम्याचा विचार तेव्हा करू, आणि तेव्हा मी तुला अडवणार नाही.

आधी राजीनामा देऊन बसण्यातला धोका लोकसेवा आयोगाच्या तारखांमध्ये आहे. 25 ऑगस्ट 2024 ला ठरलेली पूर्व परीक्षा त्याच दिवशी बँकेची परीक्षा आली म्हणून पुढे गेली. शास्त्री रस्त्यावर मुलं रात्रंदिवस बसली होती, त्यांची मागणी रास्तच होती. ती परीक्षा झाली 1 डिसेंबरला. ऑगस्टपर्यंतचेच पैसे बांधून आलेल्या मुलाने पुढचे तीन महिने मेसचं बिल कसं भरलं असेल? 2019 च्या राज्यसेवेतून निवडलेले 413 जण तर निकालानंतर वर्षभराहून जास्त काळ नेमणुकीच्या आदेशाची वाट बघत घरी होते. निवड झालेली, आणि घरात पगार नाही. तुझ्या घरात हप्ता दर महिन्याला येणार, तो कुणाची वाट बघणार नाही.

म्हणून एक वेगळं खातं उघड. सहा हप्त्यांचे पैसे, 1 लाख 14 हजार, त्यात जमले की मग बिनपगारी रजेचं बोलायचं. दीड वर्षात जमवायचे तर महिना सव्वासहा-साडेसहा हजार बाजूला पडायला हवेत. जड आहे, मला माहीत आहे. लाखाच्या घरातला क्लास लावायचा विचार असेल तर तो बाजूला ठेव. तुझ्यासारख्या एकदा मुख्यपर्यंत गेलेल्या मुलीला उत्तरं तपासून देणारी एक टेस्ट सिरीज पुरते.

नवऱ्याशी बोलताना एक प्रश्न आधीच टेबलावर ठेव, नंतर त्यावरून घरं दुखावतात. निवड झाली तर पहिली नेमणूक कोथरूडजवळ मिळेल असं धरून चालू नकोस. नंदुरबार असेल, गडचिरोली असेल. मुलगी कुणाजवळ राहील? तो चाकण सोडेल का? आज उत्तर मिळालं नाही तरी चालेल. 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणाला तर त्याला सांग की तेव्हा बघायला वेळ नसेल, आणि महिन्याभराने पुन्हा विचार. राज्यकर विभागाची कार्यालयं शहरांतून असतात, हेही त्या बोलण्यात धर.

आणि सासूबाई. टीव्हीचा आवाज वाढतो म्हणालीस. मला त्यात राग कमी आणि भीती जास्त ऐकू येते. सून पुस्तकात गेली तर गुडघ्यांचं आणि नातीचं सगळं आपल्यावर येणार, असं त्यांना वाटत असेल. हातचं सोडू नये हे त्यांचं म्हणणं तू ऐकते आहेस, नोकरी सोडत नाहीस, हे त्यांना स्वतःहून सांग. मग त्यांच्याकडे एकच गोष्ट माग, गुडघ्यांना न लागणारी. रात्री नऊ ते साडेनऊ नातीला त्यांच्याजवळ घेऊन गोष्ट सांगायची आणि झोपवायचं. टीव्ही त्या अर्ध्या तासात आपोआप बंद राहील आणि तू साडेनऊला ओटा आवरून दहाला झोपू शकशील. पहाटेचा दीड तास खरा तिथून निघणार आहे.

पहिले आठ दिवस मुलगी 'आईच हवी' म्हणून रडेल. उठून जाऊ नकोस. आजीला कोणती गोष्ट सांगायची ते आधी दुपारी फोनवर सांगून ठेव, तिची आवडती. महिनाभर हे करून बघ, आणि वहीत रोज लिहिलेल्या उत्तरांपैकी एखादं मला पाठव. मी वाचेन.

तुझी,
ताई